एकशे अठरा किलोमीटर

दिवाळीपासून बाबांची गाडी पोर्चमधून हललेली नाही, असं मी धरून चालले होते. जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी चावी फिरवली आणि गाडी थरथरायला लागली. स्टिअरिंग, आरसा, काचेला चिकटवलेला पंचशील ध्वजाचा छोटा स्टिकर, सगळं हलत होतं. सायलेन्सरमधून फट् फट् असा आवाज येत होता आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला होता. मी गाडी बंद केली आणि सगळ्यात आधी स्वतःलाच शिव्या घातल्या.

मी अकोल्याला एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. आईबाबा अमरावतीला. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ही पेट्रोलची छोटी गाडी घेतली, आमच्या घरातली पहिली. त्याच गाडीवर त्यांनी मला चालवायला शिकवलं. मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि शब्द गेले. जीव वाचला, एवढंच. तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी मी रेल्वेनं बडनेऱ्याला उतरते, तिथून ऑटोनं घरी येते, आणि रविवारी संध्याकाळी परत जाते.

गाडी नुसती उभीच होती. दिवाळीत बॅटरी पार बसली, तेव्हा मी नवी बसवली. त्या वेळी कमी व्होल्टेजचा एक कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठून राहिला होता. तो मी स्वतः पुसला. नंतर प्रत्येक खेपेला पाच मिनिटं इंजिन जागेवरच सुरू ठेवायचं, की झालं. विकायचं मनात होतं, पण बाबांसमोर तो विषय काढायला जीभ उचलत नव्हती. आईशी मात्र मी एकदोनदा बोलले होते. ती काही म्हणाली नव्हती.

कोड वाचायचं यंत्र माझ्याकडे दोन वर्षांपासून आहे. काडेपेटीएवढं. स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ एक सॉकेट असतं, त्यात ते खोचायचं. मग इंजिनाचं जे दुखणं असेल ते मोबाइलवर दिसतं. एका गॅरेजवाल्यानं बाबांच्या गाडीचे दोन चांगले पार्ट विनाकारण बदलले होते आणि दिवा तरी लागलेलाच होता, तेव्हा मी ते मागवलं. आमच्या लॅबमधली मशीनंसुद्धा बिघडली की कोड दाखवतात. तो पाहून कोणी मशीन फेकून देत नाही. कोडवरून कुठं पाहायचं ते कळतं. काय झालं ते आपणच शोधायचं असतं.

त्या दिवशी कोड आला पी शून्य तीनशे. म्हणजे मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नाही, आणि तेही कुठल्याही सिलिंडरमध्ये. एका विशिष्ट सिलिंडरचा असता तर काम सोपं होतं. त्याची ठिणगी पाडणारी कॉइल काढून शेजारच्या सिलिंडरवर लावायची आणि पाहायचं. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. इथं मात्र गाडीचे तिन्ही सिलिंडर आळीपाळीनं चुकत होते. म्हणजे तिघांना सारखंच काहीतरी झालं होतं.

आधी उंदीर. आमच्या भागात उभ्या गाडीत उंदीर घुसतात आणि वायरी कुरतडतात. बॉनेट उघडून टॉर्चनं सगळं पाहिलं. एकही वायर चावलेली नव्हती. मग जुनं पेट्रोल. दिवाळीपासून टाकीत पडलेलं पेट्रोल शिळं झालं असेल, असं म्हणून मी काटा पाहिला. काटा अर्ध्यावर होता. दिवाळीतही अर्ध्यावरच होता, हे मला आठवलं, आणि त्यात काही विचित्र आहे हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंच नाही. शेवटी स्पार्क प्लग काढले. तिन्ही काळे, कोरड्या काजळीनं माखलेले. इंजिन थंड असताना सुरू करायचं आणि नीट गरम व्हायच्या आधीच बंद करायचं, असं पुन्हा पुन्हा केलं की अशी काजळी धरते.

तुझीच पाच-पाच मिनिटं, मी स्वतःला म्हटलं. पेट्रोल आणि जुना टूथब्रश घेऊन अंगणात बसले. प्लग घासले, पुसले, वाळवले, परत बसवले. इंजिन सुरू केलं. एकदम गुळगुळीत चाललं. मला फार बरं वाटलं.

कोड पुसायच्या आधी त्याची नोंद उघडून पाहायची मला सवय आहे. बिघाड झाला त्या क्षणी इंजिनाची अवस्था काय होती, ते कॉम्प्युटर टिपून ठेवतो. फोटो काढावा तसं. मी ती नोंद उघडली.

इंजिनाचं तापमान चौतीस. म्हणजे थंडच. फेरे मिनिटाला तीन हजार चारशे.

वेग ताशी सहा किलोमीटर.

मी ते पुन्हा वाचलं. मी गाडी जागेवरून एक इंचही हलवली नव्हती. वेग शून्यच असायला हवा होता.

मला वाटलं, मशीन चुकलं असेल. लॅबमध्ये अशक्य आकडा आला की आम्ही दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहतो. मी यादीत खाली गेले. कोड पुसल्यापासून गाडी किती चालली याचा एक आकडा असतो, तो काढला. एकशे अठरा किलोमीटर. त्याच्या खाली आणखी एक आकडा होता. कोड पुसल्यापासून इंजिन किती वेळा थंडाचं गरम झालं, त्याचा. एकेचाळीस.

मी पोर्चच्या पायरीवर बसले.  मीटरवरचा एकूण आकडा मला पाठ नव्हता, कोणाला असतो? पण कोड मी माझ्या हातानं पुसले होते. त्यानंतर कोणीतरी एकेचाळीस वेळा ही गाडी सुरू केली होती. दर वेळी तीनेक किलोमीटर जाऊन, गुपचूप आणून परत इथंच, याच जागेवर लावली होती. पेट्रोलही भरलं होतं. चोर पेट्रोल भरून गाडी परत आणून देत नाही. मग कोण?

आई इतवारा बाजारात भाजी आणायला गेली होती. मी आत बाबांकडे गेले. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते.

"बाबा, गाडी कोणी नेते काय आपली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हसायला लागले. झटक्यानंतर त्यांचं हसू आणि रडू दोन्ही आवरत नाही, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आ... आ... ई," ते म्हणाले. डावा हात दाराकडे केला.

"आई येतेच आता. भाजी आणाले गेली. तुमी शांत राहा." मी त्यांचे डोळे पुसले. त्यांनी मान जोरजोरात हलवली आणि पुन्हा तेच म्हणाले. विषय काढून मी त्यांना उगाच त्रास दिला, असं मला वाटलं.

गाडीची दुसरी चावी घराबाहेर फक्त एका माणसाकडे होती. आमच्या समोर चाचांचं दुकान आहे. गाड्यांची सीट कव्हरं आणि जीपचे हूड शिवायचं. मी तिसरीत होते तेव्हापासून ते तिथं आहेत. गल्लीत पाण्याचा टँकर आला, किंवा कोणाकडे मांडव पडला, की गाडी बाजूला घ्यायला लागे. बाबा कधी पायी बाहेर गेलेले असायचे. म्हणून एक चावी चाचांच्या गल्ल्यात पडलेली असे. बाबांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून आत उचलून नेणारे दोन हात चाचांचे होते. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी रस्ता ओलांडला.

दुकानात एक जीपवाला सीट शिवून घ्यायला बसला होता. चाचा मशीनवर होते. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

"चाचा, हे पाहा. दिवाळीपासून गाडी एकशे अठरा किलोमीटर चालली."

त्यांनी मशीन थांबवलं. चष्मा कपाळावर नेला आणि मोबाइलकडे पाहिलं. "यात दिसते?"

"सारं दिसते. एकेचाळीस वेळा गेली गाडी."

"चालली असंल बेटी."

"कोणं चालवली?"

चाचा समोरच्या रेक्झिनवरून हात फिरवत राहिले. त्यांना माहीत होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्यामुळे माझं डोकं आणखी तापलं.

"बाबा पडून हायेत म्हणून काय झालं? न्याची होती तं आईले इचाराचं तरी. मी नाही म्हटलं असतं काय? असं चोरून कायले?"

'चोरून' हा शब्द माझ्या तोंडून गेला. जीपवाल्यानं मान वर केली. चाचा उठले, गल्ला उघडला, नाणी बाजूला करून चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"ठेव तुह्यापाशी," ते म्हणाले, आणि परत मशीनवर बसले.

मी घरी आले. जिंकून आल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं काही वाटत नव्हतं. दहा मिनिटांत आई आली. दोन्ही हातांत पिशव्या, कपाळावर घाम. मी तिला सगळं सांगितलं. कोड, काजळी, वेग सहा, एकशे अठरा. आणि चाचांकडून चावी आणली, हेही.

आईनं पिशव्या खाली ठेवल्या. एक आडवी झाली आणि वांगी फरशीवर घरंगळली. तिनं ती उचलली नाहीत.

"तू त्यायले जाऊन म्हटलं?"

"मंग काय करू?"

"लोकायसमोर?"

"एक गिऱ्हाईक होतं."

आईचा चेहरा असा पांढरा पडलेला मी बाबांच्या झटक्याच्या दिवसानंतर पाहिला नव्हता. तिनं हात पुढे केला. "आण ती चावी."

मी चावी दिली. मला वाटलं, ती चावी परत द्यायला आणि माझ्या वतीनं माफी मागायला जाणार. ती पोर्चमध्ये गेली. गाडीचं दार उघडलं, ड्रायव्हरचं. पदर खोचला. आत बसून सीट पुढे ओढली, ज्या सवयीनं ती ओढली त्यावरून ती पहिल्यांदा ओढत नव्हती हे उघड होतं. मग बेल्ट लावला. आरसा दोन बोटांनी वर केला. इंजिन सुरू झालं. मी दारात उभी राहून पाहत होते.

माझी आई, वय एकसष्ट. जन्मभर ऑटोच्या मागच्या सीटवर पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली. बाबांच्या शेजारी बसली तरी वळणावर वरचा दांडा घट्ट धरणारी. ती मागे मान वळवून गाडी फाटकातून उलटी काढत होती. फाटकाच्या खांबात आणि गाडीत दोन्ही बाजूंना वीतभर जागा. मी तिथून गाडी काढताना आजही खाली उतरून पाहते. ती उतरली नाही. गाडी रस्त्यावर आली, सरळ झाली, आणि पंधरा पावलांवर, चाचांच्या दुकानासमोर, अगदी कडेला जाऊन उभी राहिली.

समोरच्या ओट्यावर दाणे निवडणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. पलीकडचा इस्त्रीवाला इस्त्री तशीच हातात धरून पाहत होता.

आई खाली उतरली. पायात चप्पल नव्हती. दुकानाच्या पायरीशी उभी राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मी चालवली गाडी. एकेचाळीस वेळा. या भाऊंनं मले शिकवलं." मग माझ्याकडे वळली. "आता आण तुहं मशीन अन लाव."

मी रस्ता ओलांडून गेले.  तीन हजार चारशे फेरे आणि वेग सहा. मी ते वाचलं होतं. थंड इंजिन, पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला आणि ॲक्सिलरेटरवर जोरात पाय. शिकाऊ माणसाची गाडी अशीच जाते. माझी स्वतःचीही अशीच गेली होती, बाबा शेजारी बसलेले असताना. आकड्यांत सगळं लिहिलेलं होतं. फक्त त्या जागी आई असेल हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. आणि बाबा! बाबांनी तर मला सरळ उत्तर दिलं होतं. मी त्यांचे डोळे पुसले होते.

"आज झटके नाई देऊन रायली गाडी," आई चाचांना म्हणाली.

"प्लग साफ केले मी," मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

चाचांनी आईला बसायला स्टूल दिलं. आतून चाची पाणी घेऊन आल्या. कळलं ते असं की पहाट उजाडली की हे तिघं निघायचे. चाचा शेजारी, चाची मागच्या सीटवर. रिंगरोडच्या अलीकडे प्लॉटांचा एक नवीन ले-आउट पडला आहे. डांबरी रस्ते झालेत, घर एकही नाही. तिथं आई चालवायची. अर्ध्या तासात परत, बाबा उठायच्या आत. पुढे पुढे बाबा मुद्दाम लवकर जागे होऊन खिडकीशी बसायला लागले आणि गाडी फाटकातून काढताना डाव्या हातानं खुणा करायला लागले, अजून डावीकडे, अजून. शिकाऊ लायसन्ससुद्धा काढून झालं होतं. चाचांच्या मुलीनं अर्ज भरून दिला होता. आईनं ते रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं.

"अन मले काहून नाही सांगतलं?" मी विचारलं.

आईनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "इचारलं होतं तुले. तू बॅटरी बसवून रायली होती तवा. म्हटलं, मी शिकली तं? तू बॉनेटातून मानबी वर नाई केली. हसली. म्हणे, आई, मिक्सरचं झाकण बसवताना तुहे हात थरथरतात."

मला हे आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण शब्द माझेच आहेत, मी अशीच बोलते. दुसरं कोणी असं बोललं असतं तर मी भांडले असते.

"एवढं काय अडलं होतं तुहं?" असं मी तरी विचारलंच. आवाज खाली गेला होता.

तेव्हा तिनं ते सांगितलं, जे पाच महिने मला कोणी सांगितलं नव्हतं. बाबा पडले ते दुपारी दोन वाजता. त्या दिवशी तान्हा पोळा. लहान पोरं लाकडी बैल घेऊन निघालेली, चौकात गर्दी, रस्ते बंद, ऑटो एक नाही. चाचा कोणाच्या तरी लग्नाला चांदूर रेल्वेला गेले होते. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती गर्दीत अडकली. मला फोनवर तिनं त्या दिवशी एवढंच सांगितलं होतं की ऑटो मिळाला, दवाखान्यात आलो.

"चाळीस मिनटं," आई म्हणाली. "ते घरात फरशीवर. गाडी दारात उभी. चावी भितीले टांगलेली. अन मी रस्त्यावर हात दाखवत फिरून रायली. चावीकडे पाहो अन बाहीर जावो. पाहो अन बाहीर जावो."

मी दवाखान्यात काम करते. अशा पेशंटसाठी चाळीस मिनिटं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. चाचींनी माझ्याही हातात पाण्याचा ग्लास दिला. तो हातात तसाच राहिला. बाबांच्या उजव्या हातातलं बळ कुठं गेलं, याचा हिशोब मी पाच महिने रक्तदाबात, साखरेत, डॉक्टरांच्या औषधात शोधत होते. आई तेव्हापासून रोज तो एकाच ठिकाणी पाहत होती आणि कोणाला बोलत नव्हती.

जीपवाला कधीच उठून गेला होता. मी चाचांची माफी मागितली.  चाचा लगेच "जाने दे बेटी" म्हणतील असं मला वाटलं होतं. ते तसं म्हणाले नाहीत.

"तू पूछी, मैंने नहीं बताया. भाभीले वचन दिल्तं," ते म्हणाले. "पर गिऱ्हाईक बसेल होतं. त्याच्यासमोर बोलली तू. ते लागलं मले."

"तो कधी येते परत?"

"उद्या. सीट न्याले."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळी दहापासून दुकानात बसले. जीपवाला साडेअकराला आला. मी उभी राहिले आणि त्याला म्हटलं की काल मी इथं जे बोलले ते साफ खोटं होतं, गाडी माझी आई चालवत होती आणि हे तिला शिकवत होते.  "बरं ताई," म्हणाला आणि सीट खांद्यावर टाकून निघाला. चाचा मान खाली घालून धागा ओवत होते. मी निघाले तेव्हा त्यांनी हाक मारली आणि चावी मागितली. आईकडून परत घेतलेली ती मी पर्समधून काढून दिली. त्यांनी ती गल्ल्यात टाकली.

आईची पक्क्या लायसन्सची पहिली परीक्षा फसली. रिव्हर्समध्ये खांबाला चाक लागलं. दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. दुसऱ्या खेपेला पास झाली. आता आठवड्यातून तीनदा बाबांना फिजिओथेरपीला तीच नेते. बाबा शेजारी बसतात, डाव्या हातानं सूचना देतात, आणि ती त्यांच्यावर ओरडते, "तुमी गप बसा, मले दिसते." गाडी विकायचा विषय कोणी काढत नाही. कोड वाचायचं यंत्र मी तिच्याकडेच ठेवलं. कसं लावायचं ते दोनदा दाखवलं. या वेळी हसले नाही.

मागच्या महिन्यात दुपारी लॅबमध्ये असताना तिचा फोन आला. मागे ट्रकचा आवाज.

"कुठं हायेस आई?"

"मोझरीच्या अलीकडे. गुरुकुंज आश्रमाले चाललो. तुहे बाबा हायेत, चाची हाये. दिवा लागला."

मी हातातली ट्यूब स्टँडमध्ये ठेवली. हायवे. आई. आणि चाचा बरोबर नाहीत.

"गाडी बाजूले घेतली काय? इंजिन बंद कर. खाली उतरू नोको. मी गॅरेजवाल्याले..."

"घेतली बाजूले. चारी लाइटा लावल्या. मशीन लावलं. ऐक नं, काय येऊन रायलं ते. पी, शून्य, एक, एक, तीन."

 तो कोड इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा. एकतर सेन्सर गेला, नाहीतर त्याची वायर सुटली. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी तिला सांगितलं, बॉनेट उघड, एअर फिल्टरचा काळा डबा दिसते, त्याच्या नळीवर वायरीचा एक छोटा प्लग असंल.

फोन चाचींकडे गेला. बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ फक्त ट्रक. मी लॅबच्या खिडकीशी उभी होते.

"लटकून रायला," आईचा आवाज लांबून आला. मग टक् असा आवाज झाला, मलाही ऐकू आला. "बसला. अर्धाच बसवेल होता कोणं तरी." थोडं थांबून ती म्हणाली, "मागच्या रविवारी फिल्टर तूच काढलं होतं नं?"

मीच काढलं होतं. घाईत होते, रेल्वेची वेळ झाली होती. प्लग पूर्ण आत गेला का, हे मी पाहिलं नव्हतं. आईबाबांना घेऊन हायवेवर धावणाऱ्या गाडीचं काम मी अर्धवट सोडून दिलं होतं. त्या दिवशी सेन्सर होता. दुसरं काहीही असू शकलं असतं. 

"हाव, मीच," मी म्हणाले.

"पाहून करत जा बाई," आई म्हणाली. ती रागावलेली नव्हती. "कोड पुसू काय आता, का राहू देऊ?"

"पूस."

"पुसला. आता ठेवतो फोन, तुहे बाबा भुकेले हायेत. आश्रमात पंगतीत जेवण भेटते तठी."